टाळायचे चेहरे

उत्तमराव निकमांच्या डोक्यावर केस उगवायचं काम दौलत खराडेनं सलग अकरा वर्षं केलं. तेलानं नव्हे, औषधानं नव्हे. वांगरूळच्या बाजारपेठेतल्या आपल्या फ्लेक्सच्या दुकानात बसून, संगणकावर. दर वाढदिवसाला, दर सणाला, दर निवडीला उत्तमरावांचा नवा फलक चौकात चढायचा. दर फलकावर त्यांचे केस गेल्या वर्षीपेक्षा दाट असायचे आणि रंग गेल्या वर्षीपेक्षा उजळ. प्रत्यक्षातला माणूस मात्र वर्षागणिक टकला आणि रापलेला होत चालला होता. याबद्दल वांगरूळात कुणी म्हणजे कुणी चकार शब्द काढत नसे. लोक फलकाखाली उभं राहून उत्तमरावांना नमस्कार घालायचे, एकदा वर बघायचे, एकदा खाली बघायचे आणि कामाचं बोलायला लागायचे. पद्धतच होती ती.

उत्तमराव म्हणजे वांगरूळचे नगराध्यक्ष, सगळ्यांचे ‘भाऊ’, आणि दौलतचे सख्खे मामा. दौलत सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हा मामानं बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरी आणलं, पोराला शाळेत घातलं, पुढं पहिला संगणकही त्यानंच घेऊन दिला. त्यामुळं मामाला केस लावणं हे दौलतला धंद्यातलं काम वाटायचंच नाही. घरच्या माणसाचं करतो आपण, इतकंच.

तोवर छापील फ्लेक्स जाऊन उजेडाचे फलक आले होते, तरी लोक त्यांना फ्लेक्सच म्हणायचे. फलकावरचा पुढारी आता पापण्या मिटायचा, हात जोडायचा, आणि ओळखीचा मतदार खालून गेला तर मान वळवून त्याला नावानं हाक मारायचा. बदललं नव्हतं ते एकच. पुढाऱ्याच्या मोठ्या तोंडाखाली बारक्या तोंडांची एक रांग. चौदा तोंडं. शुभेच्छुक.

गावातल्या तरण्या पोरांचं सगळं आयुष्य या रांगेत अडकलेलं असायचं. भाऊंच्या खांद्याला लागून असलेली जागा पहिली, आणि मग तिथून उतरत चौदावी. दोघा भावांपैकी एकाला नववी आणि दुसऱ्याला दहावी जागा मिळाली, तेव्हापासून त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं ते झालंच. एकाचं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलीकडच्यांना मुलगा पाचवा सांगितला होता आणि फलकावर बघतात तर तेरावा. हे सगळं दौलत दुकानात बसून अकरा वर्षं बघत होता. डोळ्यांनी बघत होता आणि पोटात साठवत होता. शेवटी दुकान कारागिरांवर सोपवून त्यानं या विषयावर एक पिक्चर काढला. नाव ‘चौदा शुभेच्छुक’.

पिक्चरमध्ये चौदा पोरं आणि एक साहेब. साहेब आयुष्यभर काही म्हणजे काही करत नाही, नुसता उभा राहतो. कुणी काही विचारलं, पाणी कधी येणार, रस्ता कधी होणार, की साहेब गंभीर होऊन म्हणतो, “विचार करून सांगतो. तोवर टाळ्या वाजवा.” आणि चौदा पोरं टाळ्या वाजवायला लागतात. पिक्चर संपेपर्यंत त्यात तीन वर्षं जातात आणि पोरं टाळ्याच वाजवत असतात.

आता इथं चेहऱ्यांचा कायदा सांगायला हवा. त्याआधीच्या काही वर्षांत खोट्या चित्रफितींचा असा सुळसुळाट झाला होता की कुणाच्या धडावर कुणाचं तोंड आहे ते कळेना. एका जिल्ह्यात तर कलेक्टरच्या तोंडून सलग तीन दिवस सुट्टी जाहीर झाली, आणि कलेक्टरला पत्ताच नाही. मग साम्य कायदा आला. चार लोकांत झळकायचा असेल तो चेहरा आधी साम्य कार्यालयात नोंदवायचा. आणि पिक्चरमधला कल्पित चेहरा कुठल्याही नोंदलेल्या चेहऱ्याशी तीस टक्क्यांहून जास्त जुळता कामा नये.

कायदा चांगला, पण थट्टा करणाऱ्याची पंचाईत. महाराष्ट्रात पुढारी एवढे, की कुठलाही कल्पित पुढारी काढा, तो कुठल्या ना कुठल्या तालुक्यात सापडतोच. दौलत डोक्याला हात लावून बसला असताना त्याला नझमीन सतारमेकर भेटली. नझमीन मिरजेची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत आलेल्या. तिचे आजोबा कान लावून तारा जुळवायचे आणि ही यंत्र लावून प्रेक्षक जुळवायची. तिच्या यंत्राचं नाव रसवेध.

रसवेधची करामत अशी. साहेबाचं काम करणारा नट तोंडावर नुसते ठिपके चिकटवून काम करतो. त्याला चेहरा दिला जातो तो थिएटरात, पिक्चर चालू असताना. पडद्याखाली बारक्या कॅमेऱ्यांची एक ओळ असते आणि ती प्रेक्षकांकडं बघत बसलेली असते. माणूस हसला की त्याच्या कातडीखालचं रक्त उसळतं आणि गालाच्या रंगात फरक पडतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. खांदे किती हलले, श्वास किती तुटला, हेही यंत्र मोजतं. साहेबाचा चेहरा म्हणजे यंत्राच्या लेखी तीनशे आकडे: एक नाकाच्या रुंदीचा, एक कानाच्या ठेवणीचा, असे. दर प्रसंगात यंत्र त्यातले दोन-चार आकडे जरासे हलवतं. हसू वाढलं तर ठेवतं, कमी झालं तर मागं घेतं.

दौलतच्या डोक्यात काही हे लवकर शिरेना. मग नझमीननं त्याला विचारलं, पाठ खाजवून घेतलीयस ना कधी कुणाकडनं? मागच्याला काही दिसत नसतं. आपण सांगतो, वर, अजून वर, जरा डावीकडं, हां, तिथंच. प्रेक्षकाचं हसू यंत्राला तेच सांगतं. चेहरा जिथं नेल्यावर लोकांना बरं वाटतं, तिथं यंत्र तो नेतं.

कायद्यात अडकू नये म्हणून यंत्राला एक टाळयादी द्यायची. त्या यादीतल्या चेहऱ्यांच्या आसपासही फिरकायचं नाही. ही यादी करायचं काम दौलतनं मोठ्या उत्साहानं अंगावर घेतलं. चाळीस तालुक्यांतल्या फ्लेक्सवाल्यांना त्यानं फोन लावले. फ्लेक्सवाल्यांची एकमेकांत फार आपुलकी, कारण दुखणं एकच. दोन दिवसांत सगळ्यांनी आपापल्या पुढाऱ्यांचे फोटो पाठवले, ‘साहेब फायनल’, ‘साहेब नवीन फायनल’, ‘साहेब खरंच फायनल’ अशा नावांनी. दौलतनं सगळे यंत्रात ओतले, मामाचे तर अकराच्या अकरा वर्षांचे, आणि हात झटकून म्हणाला, झालं, आता कुणाच्या बापाची भीती नाही.

आणि इथंच माशी शिंकली.

पिक्चर लागला. पहिल्या आठवड्यात पूर्वेकडच्या एका तालुक्यात असं झालं की मध्यंतरापर्यंत साहेबाच्या नाकावर हरभऱ्याएवढा चामखीळ आला, समोरचे दोन दात गेले, आणि थिएटर हसून हसून खुर्च्यांवरून खाली आलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या आमदाराची माणसं साम्य कार्यालयात तक्रार घेऊन हजर. कार्यालयानं पडद्यावरचा चेहरा आमदारांच्या नोंदलेल्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. साम्य चार टक्के. तक्रार निकालात. आमदारांनी म्हणे स्वतः येऊन नोंद बघितली, तिथं चामखीळ नाही, दात सगळे मोत्यासारखे, आणि न बोलता गाडीत जाऊन बसले. अशा सात तालुक्यांतून सात तक्रारी आल्या आणि सातही निकालात निघाल्या.

दौलतला आधी मजा वाटली. नझमीनला मात्र झोप येईना. तिनं यंत्राच्या नोंदी उलगडल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली, “दौलत, तू यादीत माणसं दिलीच नाहीस. फ्लेक्स दिलेस.”

त्याला कळायला जरा वेळ लागला. यंत्र सांगितलेलं इमानेइतबारे करत होतं. गोरे, दाट केसांचे, गुळगुळीत चेहरे टाळ, असं त्याला सांगितलं होतं. म्हणून ते टकलाकडं, सुरकुत्यांकडं, रापलेल्या कातडीकडं सरकत होतं. खरा माणूस तिकडंच होता आणि यादीत तो नव्हताच. शिवाय प्रेक्षकांचं हसू त्याला बरोबर त्याच्याच दारात नेऊन सोडत होतं. गावाला जे रोज दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं, तिथंच तर सगळ्यांना खाज होती.

आणि पुढचा खेळ वांगरूळात होता. मामानंच तो ठरवला होता, आपल्या साठाव्या वाढदिवसाला, गावातल्या सगळ्या पोरांना फुकट. भाच्यानं काढलेला पिक्चर म्हणून मामा महिनाभर गावभर मिरवत होता. आणि त्यातच विधानसभेचं तिकीट कुणाला द्यायचं हे बघायला पक्षाचे दोन निरीक्षक मुंबईहून त्याच दिवशी यायचे होते. मामानं त्यांनाही पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं होतं. ज्यानं आपल्याला हाताला धरून वाढवलं, त्याला आपण सातशे लोकांपुढं उघडा पाडणार, तेही त्याच्याच वाढदिवशी. दौलतला घास गोड लागेना.

उपाय तसा सोपा होता. मामाचा खरा फोटो यादीत घातला की यंत्र त्याला टाळणार. पण खरा फोटो आणायचा कुठून? दुकानातले मूळ फोटो मामाच्या हुकमानं काम झालं की पुसले जायचे. नव्या फोनला तर माणूस आहे तसा दिसतच नव्हता. बटन दाबायच्या आधीच तो गोरा करून ठेवायचा. शेवटी दौलत नझमीनचा कोरा, म्हणजे आहे तसंच टिपणारा कॅमेरा घेऊन मामाकडं गेला. मामा घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसला होता. नव्या फलकासाठी फोटो हवाय म्हटल्यावर त्यानं झोकात मान वळवली. दौलतनं फोटो काढला. मामानं हात पुढं केला, दाखव बघू.

मामानं कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाला, “आप्पा वाटतायत.”

आप्पा म्हणजे मामाचे वडील. गुऱ्हाळावर गुळव्या होते, जन्मभर उकळत्या काहिलीपुढं उभं राहून रस आटवलेला माणूस. धगीनं रापलेले, टकले, कान पुढं आलेले. दौलतला वाटलं, मामाला आनंद झाला. आनंदाचं काहीतरी चेहऱ्यावर आलंही होतं, पण ते लगेच गेलं.

“पूस ते,” मामा म्हणाला.

दौलतनं सगळं सांगायचा प्रयत्न केला, यंत्राचं, यादीचं, हसण्याचं. मामा ऐकून घेईना. म्हणाला, “दौल्या, आजवर तुला कधी काय मागितलं का मी? एवढं पूस.” भाच्यानं कॅमेरा परत घेतला. त्यानं मामाच्या डोळ्यांदेखत फोटो पुसला.

आता एकच वाट राहिली होती. नझमीननं दौलतच्या फोनवर एक बटन दिलं. ते दाबलं की यंत्र थांबणार आणि साहेबाचं तोंड असेल तिथं गोठणार. मग कुणी ओळखीचा दिसणार नाही आणि कुणी फारसं हसणारही नाही. नझमीननं ते दिलं खरं, पण तोंड फिरवून दिलं. दौलतच्या आईला, म्हणजे मामाच्या अक्काला, त्यानं सगळं सांगितलं होतं. निघताना तिनं त्याला उंबऱ्यात अडवलं आणि विचारलं, दाबशील ना? दाबतो, असं त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं.

संध्याकाळी सहाचा खेळ. थिएटर पोरांनी ओसंडून गेलेलं. पहिल्या रांगेत मधोमध मामा, गळ्यात हार, दोन्हीकडं दोन निरीक्षक. मामाच्या मागं त्याचा खास माणूस बंटी शेलार. बंटीनं चौदाव्या जागेपासून सुरुवात करून आठ वर्षांत पहिली जागा मिळवली होती. दौलत भिंतीला टेकून उभा, अंगठा बटनावर.

सुरुवातीला साहेबाचं तोंड कुणाचंच नव्हतं. पोरं बेताचं हसत होती. तिसऱ्या प्रसंगात केस मागं सरकले आणि हशा वाढला. आता दाबू, दौलत मनात म्हणाला. मग कान पुढं आले. मामा मांडीवर थाप मारून हसला आणि निरीक्षकाच्या कानात शेजारच्या तालुक्याच्या सभापतीचं नाव सांगायला लागला. या प्रसंगानंतर दाबू, दौलत म्हणाला. खोटं कशाला सांगा, त्याला मोह पडला. आपण लिहिलेल्या वाक्यावर सातशे माणसं असं हसताना त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. अंगठा बटनावरच होता आणि तिथंच राहिला.

मग रंग रापला, डाव्या भुवईवर जखमेची जुनी खूण उमटली, आणि एकाएकी थिएटर चिडीचूप झालं. पडद्यावर उत्तमराव निकम उभे होते. जसेच्या तसे.

दौलतला वाटलं, सुटलो. कुणी हसत नाही म्हटल्यावर यंत्र माघार घेईल. पण यंत्र आवाज मोजत नव्हतं. सातशे माणसं ओठ दाबून, तोंडात रुमाल कोंबून, पुढच्याच्या पाठीमागं लपून बसली होती. खांदे गदागदा हलत होते, रक्त नुसतं उसळत होतं. दाबलेलं हसू यंत्राला मोकळ्या हसण्यापेक्षा दुप्पट कळायचं. त्याला वाटलं, सापडली जागा. त्यानं चेहरा आणखी नेमका केला. पडद्यावरच्या मामानं गंभीर होऊन सातशे जणांकडं पाहिलं आणि म्हटलं, विचार करून सांगतो, तोवर टाळ्या वाजवा.

खालचा मामा उठला. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि कुणाकडं न बघता बाहेर गेला. दौलतच्या समोरून गेला, पण त्याच्याकडंही बघितलं नाही. मग दौलतनं बटन दाबलं.

त्या दिवसापासून मामा दौलतशी बोलेना आणि आईही बोलेना. ती जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटून ठेवायची. बंटी शेलारनं साम्य कार्यालयात तक्रार ठोकली, भाऊंची बदनामी झाली म्हणून. साम्य सिद्ध झालं असतं तर पिक्चर बंद, आणि दौलतला पाच वर्षं कॅमेऱ्याला हात लावायची मनाई. दौलतला त्याचं फारसं वाटत नव्हतं. चौकातून जाताना मामा रस्ता बदलून जायचा, त्याचं वाटत होतं.

इकडं पिक्चरचं भलतंच झालं. ज्या पोरांची टिंगल करायला तो काढला होता, त्यांना आपली टिंगल झालीय हे कळलंच नाही. त्यांना साहेब भयंकर आवडला. कॉलेजात तोंडी परीक्षेला पोरं सरांना सांगायला लागली, विचार करून सांगतो, तोवर टाळ्या वाजवा. लग्नात नवरा मुलगा उखाणा घ्यायच्या ऐवजी तेच म्हणायला लागला. मग कातडीच्या रंगाच्या टकल्या टोप्या निघाल्या आणि गावोगावची पोरं त्या घालून हिंडायला लागली. दौलतला हसावं की रडावं कळेना. आपण एवढं खपून हे काढलं ते यासाठी?

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाबाहेर अशा टकल्या पोरांची ही गर्दी. आत साम्य अधिकारी सुलोचना दातीर, समोर बंटी, एका बाजूला दौलत आणि नझमीन, दुसऱ्या बाजूला मामा, आणि मागच्या बाकावर पदर घट्ट लपेटून आई. दातीरबाईंनी भिंतीवर दोन चेहरे लावले. एक पडद्यावरचा, एक नोंदलेला, म्हणजे दौलतनंच सजवलेला. यंत्रानं साम्य सांगितलं, सहा टक्के. मग बाईंनी बंटीला शांतपणे विचारलं, यातले तुमचे भाऊ कोणते?

बंटी अडकला. टकल्याकडं बोट करावं तर फलक खोटा ठरतो, तो भाऊंचा अपमान. फलकाकडं करावं तर आपलीच तक्रार बुडते. त्यानं एकदा मामाकडं बघितलं, एकदा दोन्ही चित्रांकडं, आणि आठ वर्षांच्या सवयीनं त्याचं बोट फलकाकडं गेलं.

“हे आमचे भाऊ,” तो म्हणाला. “तो टकला कोण, मला माहीत नाही.”

मामा तिथं त्याच्यापासून तीन हातांवर बसला होता. त्याला ते लागलं. सातशे लोक हसले त्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्या पोराला चौदाव्यापासून पहिल्या जागेवर आणलं, ते पोर समोर बसलेल्या माणसाला ओळखत नाही म्हणतंय. दातीरबाई तक्रार निकालात काढायला लागल्या होत्या. मामा गप्प बसला असता तरी सगळं तिथंच मिटलं असतं. पण मामा म्हणाला, माझ्या बहिणीला विचारा.

आई उठली. चित्रांजवळ गेली, चष्मा पुसून पुन्हा घातला, आणि टकल्या चेहऱ्यावर हात ठेवला.

“हा माझा भाऊ. आमच्या आप्पांवर गेलाय,” ती म्हणाली. “दुसरा कोण आहे ते अकरा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.”

दातीरबाईंनी मामाला सांगितलं, तो तुम्ही असाल तर नोंद बदलावी लागेल. इथं कोऱ्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, आणि पुढची सहा वर्षं कुठल्याही फलकावर एक केसही जास्त लावायचा नाही. पिक्चर थांबवायचा की चालू ठेवायचा, हा मग तुमचा अधिकार.

मामानं डोक्यावरून हात फिरवला, जाऊन स्टुलावर बसला आणि कॅमेऱ्यामागं उभ्या राहिलेल्या नझमीनकडं बघून म्हणाला, काढ पोरी. फोटो निघाल्यावर दौलतकडं न बघताच म्हणाला, “पिक्चर चालू दे.” दौलतचे डोळे भरून आले. त्यानं खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं केलं.

पुढं जे झालं ते दौलतनं लिहिलं असतं तर निर्मात्यानं अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. पिक्चरमधला तो साहेब वांगरूळचे उत्तमराव आहेत, आणि स्वतः कबूल झालेत, ही बातमी फुटली तशी पोरांनी मामाला खांद्यावर घेतलं. निरीक्षकांनी मुंबईला कळवलं की या टकलाइतकी ओळखीची वस्तू सध्या जिल्ह्यात दुसरी नाही. तिकीट मामाला. मग बाकीचे पुढारी जागे झाले. ज्या सात जणांनी ‘तो मी आहे’ म्हणून बोंब मारली होती आणि नंतर ‘तो मी नव्हेच’ म्हणून तोंड लपवलं होतं, ते ‘तो मीच’ म्हणत नोंद बदलायला साम्य कार्यालयात आले. त्यांच्या मागं आणखी तीसेक. रांग एसटी स्टँडपर्यंत गेली. चामखीळवाले आमदार चामखीळ नीट दिसावा म्हणून बाजूनं फोटो काढा म्हणाले.

दौलतला पुन्हा दुकानात बसावं लागलं, कारण प्रचाराचा पहिला फलक भाच्याच्या हातचाच हवा, असा मामाचा निरोप आला. आईनंच तो आणला, डब्यासोबत. मामाचा खरा चेहरा मधोमध. खाली चौदा शुभेच्छुक, आणि चौदाही जणांना टक्कल हवं होतं. पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं, डोक्यावर जंगल, पण फलकावर टक्कल पाहिजे. बंटी शेलारनं हळूच येऊन सांगितलं, मला भाऊंपेक्षा जरा कमी टक्कल दे, मान राहिला पाहिजे. दौलत सकाळपासून केस काढत बसला होता. अकरा वर्षं लावलेले कमी पडले म्हणून की काय.

दुपारी मामा दुकानात आला. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच. मागं चौदा पोरं दाराशी दाटीवाटीनं उभी राहिली. मामानं खुर्ची ओढली, पूर्वी बसायचा तसा दौलतच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि पडद्याकडं बघत राहिला. दौलत वाट बघत होता. आता मामा काही बोलेल, त्या दिवसाबद्दल, आप्पांबद्दल.

मामा पुढं वाकला. “अजून जरा चकाकी येईल का रं?”

“मामा, सहा वर्षं हात लावायचा नाही. कायदा आहे.”

“केस लावायला बंदी हाय. काढायला कुठं हाय?” मामा म्हणाला. “कडंला थोडे दिसतायत बघ.”

दौलतनं माउसवरचा हात काढला. अकरा वर्षांत त्यानं मामाला कधी नाही म्हटलं नव्हतं. “नाही, मामा. कायदा नसता तरी नाही. आहे तसंच राहणार.”

मामानं भाच्याकडं बघितलं, मग पडद्यावरच्या आप्पांसारख्या दिसणाऱ्या त्या माणसाकडं बघितलं, आणि मोठा गंभीर चेहरा करून म्हणाला, “विचार करून सांगतो.”

दाराशी चौदाच्या चौदा पोरं टाळ्या वाजवायला लागली. मनापासून, न थांबता. पुढचं कुणी सांगायचीही गरज पडली नाही. दौलतनं ओठ गच्च दाबून धरले आणि मान खाली घातली, पण खांदे काही ऐकेनात. आणि खांद्याला खांदा लागलेला होता म्हणून त्याला कळलं, मामाचेही हलत होते.